जुन्या बुलेटचे मागचे सस्पेन्शन बदलताना: शॉकअपची लांबी, कोन, स्प्रिंग आणि चिमटा

काळीटाकी (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे १९७४ सालच्या नोंदणीची एन्फील्ड बुलेट ३५० आहे. इंजिन आणि गिअरबॉक्सचे काम पूर्ण झाले असून, आता गाडीला पन्नासच्या दशकातील ब्रिटिश ट्रायल्स (खडकाळ वाटांवरील कौशल्याच्या स्पर्धा) गाड्यांचे रूप द्यायचे आहे. वर घेतलेला सायलेन्सर, अरुंद टाकी, एकट्यापुरते लहान सीट, गुठळ्यांचे टायर आणि जमिनीपासून थोडी जास्त उंची असा एकंदर आराखडा आहे. गाडी केवळ मांडून ठेवण्यासाठी नसून ती भोर, वरंधा, ताम्हिणी या बाजूला रविवारी चालवली जाईल.

मागचे दोन्ही शॉकअप निकामी झाले आहेत. त्यांच्या दांड्यांवर गंजाचे खड्डे पडले आहेत आणि सील बदलूनही तेल थांबत नाही. नवे बसवायचेच आहेत, तर उंचीचा प्रश्नही त्यातच सोडवावा, असा माझा विचार आहे. त्यासाठी तीन पर्याय समोर आहेत. पहिला म्हणजे मूळ लांबीपेक्षा २० मिमी लांब शॉकअप. दुसरा म्हणजे शॉकअपचे वरचे टोक पुढे घेऊन ते बरेच तिरके बसवणे. तसे दिसायलाही चांगले दिसते. तिसरा म्हणजे चिमटा (मागचे चाक धरणारा, पिनवर वरखाली हलणारा स्विंगआर्म) ५० मिमी लांब करून घेणे. फॅब्रिकेटर तिन्ही कामे करायला तयार आहे, पण दुसऱ्या आणि तिसऱ्या कामात वेल्डिंग आहे आणि तिथेच माझे मन अडते.

माझ्या गाडीवर घेतलेली मापे अशी: चिमट्याच्या पिनपासून एक्सलच्या मध्यापर्यंत ४५० मिमी, पिनपासून शॉकअपच्या खालच्या बोल्टपर्यंत ४२० मिमी, आणि चिमट्याशी काटकोन धरला तर शॉकअप त्यापासून सुमारे २० अंश पुढे कललेला आहे. शॉकअपची चाल ७० मिमी आहे. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

लेथवरचा_माणूस

आपण मापे दिलीत हे फार चांगले केले, कारण या विषयावरील बहुतेक चर्चा मापांशिवाय होते आणि मग ती केवळ आवडीनिवडीची चर्चा उरते.

शॉकअपची स्प्रिंग किती कडक आहे आणि चाकाला ती किती कडक लागते, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांच्यामध्ये चिमट्याची तरफ आणि शॉकअपचा कोन उभा असतो. आपल्या गाडीत ४२० भागिले ४५० म्हणजे ०.९३ आणि २० अंशांचा कोसाइन ०.९४, यांचा गुणाकार साधारण ०.८८ येतो. म्हणजे चाक १० मिमी वर गेले की शॉकअप ८.८ मिमी दबतो. कडकपणा मात्र या संख्येच्या वर्गाने बदलतो, कारण तरफेमुळे बलही बदलते आणि अंतरही. समजा प्रत्येक स्प्रिंग १८ न्यूटन प्रति मिमी असेल, तर दोन्ही मिळून चाकाला सुमारे २७.७ न्यूटन प्रति मिमी इतका आधार मिळतो.

आता आपला दुसरा पर्याय पाहू. तीच स्प्रिंग, पण कोन ४५ अंश. गणित केले तर चाकापाशी २७.७ ऐवजी १५.७ उरतात. म्हणजे एकही भाग मऊ न करता गाडी मागून ४३ टक्क्यांनी मऊ झाली. शिवाय शॉकअपची चाल तीच ७० मिमी राहिली तरी चाकाची चाल ८० वरून १०६ मिमीवर जाते, आणि तेवढी जागा मडगार्डखाली आहे की नाही हे कोणी पाहिलेले नसते. तिरक्या शॉकअपच्या अनेक गाड्या खड्ड्यात गेल्यावर टायर सीटच्या पत्र्याला घासतो, त्याचे कारण हे आहे.

आणखी एक गोष्ट. जुन्या पद्धतीच्या, वायूचा दाब नसलेल्या दुहेरी नळीच्या शॉकअपमध्ये तेलाच्या वर हवा मोकळी असते. असा शॉकअप फार आडवा केला की ती हवा झडपेपर्यंत पोहोचते, तेलाचा फेस होतो आणि डॅम्पिंग (उसळी आवरण्याची शक्ती) जवळजवळ नाहीसे होते. आडवे बसवायचेच असतील, तर वायूचा दाब असलेले आणि त्या कोनासाठी बनवलेले शॉकअप घ्यावे लागतात.

तिसऱ्या पर्यायातही हीच तरफ आड येते. चिमटा ४५० चा ५०० केला आणि शॉकअपची जागा तीच ठेवली, तर चाकाचा आधार सुमारे १९ टक्क्यांनी घटतो. त्यात लांब चिमटा पिळवटायलाही जास्त सोपा असतो, आणि वळणात मागचे चाक पुढच्याच्या रेषेत ठेवण्याचे काम सर्वस्वी चिमट्याचे असते.

माझे मत स्पष्ट आहे. फ्रेम आणि चिमटा यांना हात न लावता जे बोल्टने बसते आणि बोल्टने निघते तेवढेच करावे. पहिला पर्याय त्या मर्यादेत बसतो, पण त्याचीही किंमत आहे. ती पुढच्या प्रतिसादात लिहितो.

रेडिचजवळचा

मी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ राहतो आणि जिथे मूळ एन्फील्ड कारखाना होता ते रेडिच इथून अगदी जवळ आहे. धागाकर्त्याने ट्रायल्सचे रूप निवडले आहे, म्हणून त्या रूपाचा आणि मागच्या सस्पेन्शनचा संबंध सांगण्याजोगा वाटतो.

स्विंगआर्म असलेल्या बुलेटचे पहिले नमुने लोकांसमोर आले तेच मुळी एका ट्रायल स्पर्धेत, १९४८ च्या आरंभी, आणि विक्रीची गाडी १९४९ सालची. त्या काळी बहुतेक ब्रिटिश गाड्यांचे मागचे चाक एकतर थेट फ्रेममध्ये घट्ट बसलेले असे किंवा ते दोन उभ्या स्प्रिंगांमध्ये सरकणाऱ्या प्लंजर पद्धतीचे असे. ट्रायम्फने तर चाकाच्या हबमध्येच स्प्रिंग बसवली होती. ट्रायल्सच्या चालकांचा समज असा होता की खडकाळ चढावर मागचे चाक फ्रेमला घट्ट असले तरच पकड मिळते आणि स्प्रिंग मध्ये आली की इंजिनाचा जोर वाया जातो. बुलेटने तो समज मोडला. १९४८ साली इटलीतील सॅन रेमो येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय सहा दिवसांच्या स्पर्धेत विजयी ब्रिटिश संघात या गाड्या होत्या, आणि जॉनी ब्रिटन यांनी १९५२ आणि १९५७ अशी दोनदा स्कॉटिश सहा दिवसांची ट्रायल बुलेटवर जिंकली.

यातून आपल्या कामापुरते सांगायचे ते असे की, त्या गाड्यांची पकड मागचे चाक जमिनीला चिकटून राहत असल्यामुळे होती. उंची हा त्यातला केवळ एक भाग होता. उंची मिळवण्यासाठी इतकी कडक स्प्रिंग घातली की चाक दगडावरून उडते, तर गाडी ट्रायल्ससारखी दिसेल, पण तशी चालणार नाही.

कोन बदलून कडकपणा बदलण्याची युक्तीही याच देशात फार सुंदर रीतीने वापरली गेली आहे. व्हेलोसेटच्या व्हायपर आणि व्हेनम या गाड्यांमध्ये शॉकअपचे वरचे टोक एका वक्र खाचेत सरकवता येत असे. एकटे असाल तर ते पुढे, मागे कोणी बसणार असेल तर उभ्याच्या जवळ. लेथवरचा_माणूस यांनी जे गणित मांडले, तेच तिथे मालकाच्या हाती दिलेले होते. फरक इतकाच की ती खाच कारखान्याने फ्रेमच्या रचनेतच धरलेली होती.

लेथवरचा_माणूस

वर कबूल केल्याप्रमाणे लांब शॉकअपची किंमत लिहितो.

शॉकअप २० मिमी लांब केला की तरफेमुळे गाडीचा मागचा भाग सुमारे २३ मिमी वर येतो. बुलेटचा व्हीलबेस (दोन्ही एक्सलमधले अंतर) सुमारे १३७० मिमी, म्हणजे सगळी गाडी पुढे जवळजवळ एका अंशाने झुकते आणि स्टिअरिंगचा कोन तितकाच उभा होतो. १९ इंची चाक आणि सत्तावीस अंशांच्या आसपासचा मूळ कोन धरला, तर एका अंशामागे ट्रेल (स्टिअरिंगची रेषा जमिनीला मिळते तो बिंदू आणि पुढचे चाक टेकते तो बिंदू यांतले अंतर) साधारण ६ ते ७ मिमी कमी होते. सावकाश, दगडांतून वाट काढताना हँडल हलके झाल्याचा फायदाच होतो. तीच गाडी सरळ महामार्गावर ताशी ८० किलोमीटरला नेली, तर हँडल पूर्वीइतके शांत राहणार नाही. २० मिमीपर्यंत हे सांभाळता येते. ४० मिमी करणाऱ्यांनी गाडीचा पुढचा भागही त्या प्रमाणात उंच करावा, नाहीतर करू नये.

बाकी परिणाम लहान वाटले तरी रोज त्रास देणारे असतात. मागचा भाग वर आल्यामुळे मधल्या स्टँडवर चाक पुरेसे उचलले जात नाही, आणि बाजूच्या स्टँडवर गाडी जास्त कलते. मागच्या ब्रेकच्या रॉडची लांबी पुन्हा जुळवावी लागते. चिमटा खाली झुकल्यामुळे साखळी त्याच्या पुढच्या भागाला घासत नाही ना, हे चाक लटकते ठेवून हाताने फिरवून पाहावे.

साखळीचा ताण तर नव्यानेच लावावा लागतो. गिअरबॉक्सचे स्प्रॉकेट आणि चिमट्याची पिन एका जागी नाहीत, त्यामुळे चाक वरखाली होताना साखळीचा ताण बदलत राहतो, आणि स्प्रॉकेटचा मध्य, पिन व एक्सल एका रेषेत आले की तो सर्वांत जास्त असतो. उभ्या गाडीवर झोल बरोबर दिसतो, पण त्या मधल्या स्थितीत साखळी तारेसारखी ताणली जाऊन गिअरबॉक्सचे बेअरिंग खाते. शॉकअप काढून ठेवावेत, चिमटा हाताने त्या रेषेत आणावा, तिथे थोडासा झोल ठेवावा आणि मग शॉकअप बसवावेत.

नवा_स्पॅनर

एक शंका. होंडा युनिकॉर्नपासून पुढे आपल्याकडेही मोनोशॉक (मागे मधोमध बसणारा एकच शॉकअप) सर्रास झाला आहे. एखाद्या नव्या गाडीचा चिमटा आणि मोनोशॉक बुलेटला लावून सगळा प्रश्न एकदमच का सोडवू नये? माझ्या शहरात असे काम करून देणारे आहेत.

रेडिचजवळचा

मोनोशॉक ही उत्तम रचना आहे आणि ती नवी नाही. व्हिन्सेंटच्या गाड्यांचा मागचा त्रिकोणी चिमटा १९२८ पासूनचा, आणि यामाहाने सत्तरच्या दशकात मोटोक्रॉसमध्ये तिला आजचे रूप दिले. पण या दोन्ही ठिकाणी फ्रेम त्या रचनेसाठीच आखलेली होती.

लेथवरचा_माणूस

नवा_स्पॅनर, आपली शंका रास्त आहे, म्हणून आकडेच पाहू. मोनोशॉक पिनच्या जवळ बसतो, त्यामुळे कुठलीही जोडदांड्यांची रचना नसेल तर चाक १० मिमी हलताना तो ४ मिमीच्या आसपास दबतो. चाकापाशी तोच २७.७ न्यूटन प्रति मिमी आधार हवा असेल, तर त्या एकट्या स्प्रिंगला सुमारे १७३ न्यूटन प्रति मिमी इतके कडक व्हावे लागते. चाकावर १५०० न्यूटन भार असेल तेव्हा शॉकअपच्या वरच्या टोकाशी फ्रेमवर ३७५० न्यूटन येतात, आणि ते गाडी उभी असताना. खड्ड्यात हाच भार काही पटींनी वाढतो.

बुलेटच्या फ्रेममध्ये हा भार मागच्या टोकाला, दोन बाजूंना विभागून घेण्याची योजना आहे. मोनोशॉक तो सीटखालच्या एका नळीच्या मध्यभागी आणून ठेवतो आणि त्या नळीला असे आडवे वाकवणारे बल कधीच अपेक्षित नव्हते. तिथे पट्ट्या वेल्ड करून बळकटी दिली जाते खरी, पण जुन्या ब्रिटिश पद्धतीच्या फ्रेममध्ये नळ्या लगमध्ये (सांध्याच्या तुकड्यांत) बसवून ब्रेझिंग केलेल्या, म्हणजे पितळ वितळवून सांधलेल्या असतात. ब्रेझिंगचे पितळ शेजारी असताना तिथे वेल्डिंगची उष्णता दिली, तर वितळलेले तांबे पोलादाच्या कणांच्या सीमांमध्ये शिरते आणि तिथे बारीक चिरा पडतात. बाहेरून शिवण सुरेख दिसते आणि चिरा रंगाखाली वाढत राहतात. वेल्डर कितीही कुशल असला तरी ही अडचण धातूची आहे.

कागदपत्र

तांत्रिक बाजू जाणकारांनी मांडली आहे. मी नोंदणीची बाजू सांगतो, कारण या धाग्यातील निर्णय तिच्यावरही अवलंबून आहे.

मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मुळात ठरवलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा अर्थ कडकपणे लावला आहे. नोंदणी प्रमाणपत्रात व्हीलबेसची नोंद असते. चिमटा ५० मिमी लांब केला की व्हीलबेस बदलतो, म्हणजे तिसरा पर्याय थेट या कलमाच्या कक्षेत येतो. शॉकअपची नोंद प्रमाणपत्रात नसते. मूळ जागी, मूळ बोल्टांवर बसणारा वेगळा शॉकअप आणि फ्रेम कापून केलेला बदल, या दोन गोष्टींकडे तपासणी करणारा अधिकारी एकाच नजरेने पाहत नाही. तरीही विमा कंपनीला बदल लेखी कळवावा, असे मी आग्रहाने सांगेन.

दुसरी गोष्ट धागाकर्त्यासाठी विशेष महत्त्वाची आहे. २०२१ साली केंद्राने जुन्या वाहनांसाठी वेगळी नोंदणी आणली. पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या दुचाकी आणि चारचाकी वाहनांना तीत ‘व्हीए’ अक्षरे असलेला क्रमांक मिळतो. पहिल्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते. अट अशी की वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे आणि चॅसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत. १९७४ ची गाडी वयाच्या अटीत बसते. आज फ्रेमवर ग्राइंडर चालवला, तर हा दरवाजा कायमचा बंद होतो. बोल्टने लावलेले शॉकअप मात्र संध्याकाळपर्यंत काढून मूळचे बसवता येतात.

या नोंदणीत गाडी प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन भरणे आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर आणता येते, हेही ध्यानात असू द्यावे. दर रविवारी घाटात जायचे असेल, तर सध्याच्या साध्या नोंदणीचे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करत राहणे हेच सोयीचे आहे.

काळीटाकी (धागाकर्ता)

सर्वांचे मनापासून आभार. दुसरा आणि तिसरा पर्याय मी सोडून दिला आहे. फ्रेम आणि चिमटा मूळ राहतील, आणि शॉकअप २० मिमी लांब घेतले जातील. कोल्हापूरच्या उद्यमनगरातील एका कारखान्यात स्प्रिंग बनवून घेता येईल असे समजते. त्यांनी तारेची जाडी आणि वेढे विचारले आहेत. शिवाय स्प्रिंगला क्रोम करून घ्यावे, अशी माझी इच्छा आहे. यावर सल्ला द्यावा. गाडीवर मुख्यतः मी एकटाच असेन. माझे वजन ७५ किलो आहे.

लेथवरचा_माणूस

स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढतो, आणि वेढ्याच्या मध्यव्यासाच्या घनाच्या व सक्रिय वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. स्प्रिंगच्या पोलादासाठी नेहमीचा गुणांक धरून, ७.५ मिमी तार, ५० मिमी मध्यव्यास आणि १४ सक्रिय वेढे असे घेतले, तर १७.९ न्यूटन प्रति मिमी येतात. म्हणजे जवळजवळ आपल्याला हवे तितकेच. तीच स्प्रिंग ८ मिमी तारेची केली तर २३.१ होतात. अर्ध्या मिलिमीटरने २९ टक्के फरक पडतो, म्हणून ‘थोडी जाड तार घालू या’ हे वाक्य कारखान्यात ऐकू आले तर तिथेच थांबवावे.

टोकाचे निष्क्रिय वेढे धरून एकूण १६ होतात, म्हणजे स्प्रिंग पूर्ण मिटली की तिची उंची १२० मिमी. आपल्या शॉकअपवर बसलेल्या स्प्रिंगची लांबी २०५ मिमी असेल आणि चाल ७० मिमी, तर पूर्ण दाबल्यावर १३५ मिमी उरतात. वेढ्यावर वेढा आपटायला अजून १५ मिमी बाकी आहेत, हे पुरेसे आहे. ८ मिमी तारेत हे अंतर सातवर येते.

आता वजन. गाडी आणि आपण मिळून सुमारे २४० किलो, त्यातील ५५ टक्के मागे धरले आणि चाक, ब्रेक, चिमट्याचा भाग असे स्प्रिंगखालचे वजन वजा केले, तर स्प्रिंगांवर साधारण ११० किलो, म्हणजे १०८० न्यूटन येतात. काहीच प्रीलोड नसताना, म्हणजे स्प्रिंग आधी दाबून बसवलेली नसताना, चाक ३९ मिमी वर चढेल. ८० मिमी चालीला आपल्याला पाव ते एक तृतीयांश, म्हणजे २० ते २७ मिमी बसकण (वजनाने गाडी खाली बसण्याचे माप) हवी आहे. स्प्रिंग १२ मिमी आधीच दाबून बसवली की चाकापाशी सुमारे २५ मिमी येते. हे गणित अंदाजाचे आहे. खरा आकडा गाडीवर मोजून घ्यावा.

जुनी कडक स्प्रिंग कापून वापरू नये, हेही सांगून ठेवतो. वेढे कापल्याने ती मऊ होत नाही, उलट वेढे कमी झाल्याने आणखी कडक होते. शिवाय कापलेले टोक सपाट बसत नाही आणि चाक लटकले की स्प्रिंग तिच्या बैठकीत सैल होते. गॅसने तापवून खाली बसवलेली स्प्रिंग तर टाकूनच द्यावी, कारण तिची कमावणी तिथेच गेलेली असते.

भट्टी_आणि_मुलामा

माझे काम उष्णतोपचाराचे आहे, म्हणून क्रोमविषयी मी लिहितो. कडक कमावलेल्या स्प्रिंगवर विद्युत मुलामा देताना, आणि त्याआधी आम्लाने ती धुतानाही, हायड्रोजन पोलादात शिरतो. तो आत राहिला की स्प्रिंग ठिसूळ होते आणि एखाद्या दिवशी, कुठलाही विशेष भार नसताना, मोडते. मुलामा दिल्यानंतर लगेच, काही तासांच्या आत, ती सुमारे १९० ते २०० अंश सेल्सियसला बराच वेळ भाजून हायड्रोजन बाहेर काढावा लागतो. मुलाम्याच्या दुकानात ही भट्टी आहे का आणि हे काम ते खरोखर करतात का, याची खात्री नसेल तर क्रोमचा आग्रह सोडावा.

पावडर कोटिंगचे तापमान कमावलेल्या स्प्रिंगला बाधत नाही. पृष्ठभाग साफ करताना मात्र आम्ल न वापरता छर्र्यांचा मारा करायला सांगावे. बारीक छर्र्यांनी स्प्रिंगचे आयुष्य वाढतेच. आणि त्या काळच्या बुलेटच्या शॉकअपवर पत्र्याची आवरणे असत, स्प्रिंग दिसतच नसे. आपल्याला पन्नासचे दशक हवे असेल, तर काळ्या पावडर कोटिंगवर तशी आवरणे हे त्या काळाशी अधिक जुळेल.

पसरणीघाट

मी रंग आणि आकड्यांपेक्षा चालवण्याविषयी सांगतो. स्प्रिंग बरोबर असूनही शॉकअप वाईट असू शकतो. पसरणी किंवा वरंध्याच्या चढाला, जिथे वळणाच्या ऐन मध्यावर डांबर लाटांसारखे उठलेले असते, तिथे परतीचे डॅम्पिंग (दबलेला शॉकअप परत उघडताना होणारा रोध) कमी असेल तर मागचा भाग एका लाटेवरून दुसऱ्या लाटेवर उड्या मारत बाहेर सरकतो. परतीचे डॅम्पिंग फार जास्त असेल, तर चाक प्रत्येक लाटेनंतर पूर्ण खाली यायच्या आत पुढची लाट येते, गाडी हळूहळू बसत जाते आणि शेवटी थेट रबरी थांब्यावर आपटते. दोन्ही चुका बसल्या जागी कळत नाहीत. म्हणून एकच ओळखीचा रस्ता निवडून, त्याच वेगाने, एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. आणि गतिरोधकावर आपटते म्हणून लगेच प्रीलोड वाढवू नये. प्रीलोडने उंची बदलते, स्प्रिंगचा कडकपणा नाही.

लेथवरचा_माणूस

शॉकअप बसवण्याआधी एक काम करावे, जे खरे म्हणजे मी सर्वांत आधी सांगायला हवे असे आहे. गाडी स्टँडवर घेऊन मागचे चाक दोन्ही हातांनी धरून बाजूला ढकलावे. टक्‌ असा हादरा जाणवला आणि चाकाच्या बेअरिंगमध्ये खेळ नसेल, तर चिमट्याचे बुश (पिनभोवतीची नळी) गेलेले आहे. त्यावर कितीही भारी शॉकअप लावला तरी गाडी वळणात डुलतच राहील. फॉस्फर ब्राँझचे बुश दाबून बसवल्यावर आतला व्यास आवळला जातो, म्हणून बसवल्यानंतर दोन्ही बुशांतून एकच लांब रीमर (भोक नेमक्या मापाचे करणारे हत्यार) एका रेषेत फिरवावा लागतो. वेगवेगळे रीम केले तर पिन तिरकी बसते. बाजूचा खेळ वॉशरच्या पातळ चकत्यांनी काढावा, चिमटा स्वतःच्या वजनाने सावकाश खाली आला पाहिजे, आणि वंगणाची वाट मोकळी आहे हे ग्रीस दोन्ही टोकांनी बाहेर पडताना पाहून खात्री करावी.

काळीटाकी (धागाकर्ता)

काम पूर्ण झाले आहे, म्हणून नोंद देतो. बुश खरोखरच झिजलेले होते. नवे बसवून एका रेषेत रीम करून घेतले. स्प्रिंग ७.५ मिमी तारेची, १४ सक्रिय वेढ्यांची, काळ्या पावडर कोटिंगची. चाक हवेत असताना, गाडी स्वतःच्या वजनावर आणि मी बसलेला असताना, अशी तीन मापे एक्सलपासून मडगार्डवरील एका खुणेपर्यंत घेतली. माझ्यासह बसकण २६ मिमी आली. मधल्या स्टँडच्या पायांना बोल्टने बसणारे जोड करून घेतले, त्यामुळे चाक पुन्हा उचलले जाते. साखळी मधल्या रेषेत ताण पाहून लावली आहे.

भोरहून वरंध्यापर्यंत जाऊन आलो. उखडलेल्या चढावर मागचे चाक जमीन सोडत नाही, हा फरक पहिल्याच वळणाला कळला. सरळ रस्त्यावर हँडल पूर्वीपेक्षा हलके आहे हे जाणवते, पण थरथर नाही.

एकच प्रश्न उरला आहे. नव्या शॉकअपच्या स्प्रिंगचा घेर मोठा असल्याने साखळीच्या बाजूला तो साखळीच्या पत्र्याला घासत होता. म्हणून वरच्या आणि खालच्या बोल्टवर १० मिमी जाडीचे वॉशर घालून शॉकअप बाहेर घेतला आहे. हे योग्य आहे का?

लेथवरचा_माणूस

त्या बोल्टला एकाच बाजूने आधार आहे, त्यामुळे भार फ्रेमपासून ३० मिमीवर होता तो ४० मिमीवर गेला, तर बोल्टला वाकवणारे बल एक तृतीयांशाने वाढते. साध्या पोलादाचा बोल्ट असेल तर तो लगेच बदलून ८.८ किंवा त्याहून वरच्या दर्जाचा घ्यावा, आणि आटे शॉकअपच्या डोळ्याच्या आत येणार नाहीत एवढी गुळगुळीत दांडी ठेवावी. वॉशरांच्या चळतीऐवजी एका तुकड्यातून खरादलेला, फ्रेमच्या बाजूला रुंद बैठकीचा स्पेसर करावा. दोन्ही बाजूंना सारखाच स्पेसर लावावा, म्हणजे भार सारखा वाटला जाईल.

त्याहून बरे म्हणजे साखळीचा पत्रा त्या जागी आत ठोकून वाट करून द्यावी आणि स्पेसर ४ मिमीवर आणावा. पत्रा पुन्हा मिळतो. आणि सध्याच्या वॉशरांवर पुढची फेरी करण्यापूर्वी दोन्ही वरचे बोल्ट काढून, सपाट काचेवर लोळवून, वाकले आहेत का ते पाहावे.

काळीटाकी (धागाकर्ता)

पत्रा आत घेण्याचा मार्ग पटला. बोल्ट उद्याच काढतो आणि ४ मिमीचा स्पेसर खरादून घेतो. त्याची मापे आणि रेखाचित्र याच धाग्यात लावतो, म्हणजे ज्यांच्याकडे असेच शॉकअप आहेत त्यांना उपयोगी पडतील.